आधी झाकण उघडून बघ

इचलकरंजी
पहाटे पाच

चि. चिऊस,



तुझा फोन येऊन गेला त्याला आज चार दिवस झाले. मागे मैत्रिणींचा गलका होता, तुला कुठेतरी पोचायचं होतं, आणि "आजोबा, ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, शनिवारी जाऊन घेऊनच टाकते" एवढं बोलून तू फोन ठेवलास. 'घेते' म्हणाली असतीस तर मी निवांत झोपलो असतो गं. त्या 'घेऊनच टाकते'मधल्या 'टाकते'नं मला काळजीत टाकलं, म्हणून आज चहाच्याही आधी हे पत्र घेऊन बसलोय. आजी अजून अंथरुणात आहे, शेजारच्या शेडमधली रात्रपाळी संपत आलीय, मागांचा खटखटाट चालू आहे, आणि या आवाजातच माझं डोकं सगळ्यात शांत चालतं हे तुला ठाऊक आहे.

पैसे तुझे आहेत, कष्टाचे आहेत. वर्षभर त्या दोन पोरांना चित्रकला शिकवून, रिक्षाऐवजी पीएमपीच्या बसनं जाऊन तू ते साठवलेस, हे मला तुझ्या आईनं सांगितलं. (तू स्वतः कधी सांगितलं नाहीस, तेही मला आवडलं.) तेव्हा ते कशावर खर्च करायचे हे मी सांगणार नाही. कार्ड घ्यायला हवंच. तुझं ते संगणकावर उभारलेलं पावसातलं कौलारू घर, पागोळ्या गळणारं, त्याची एक चार सेकंदांची फीत तयार व्हायला अख्खी रात्र लागते आणि सकाळी उठून बघावं तर मशीन मध्येच अडकलेलं, हे मी गेल्या सुट्टीत डोळ्यांनी पाहिलंय. फक्त शनिवारी नको. पुढच्या शनिवारी जा, किंवा त्याच्याही पुढच्या. मधल्या दिवसांत काय करायचं ते सांगतो.

मे महिन्यात मामानं त्याच्या ऑफिसातून काढलेला तो काळा संगणक आपल्याकडे आणून दिला, तेव्हा आपण दोघांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्याचं झाकण काढलं होतं, आठवतं? तू रंगाचा ब्रश घेऊन पंख्याच्या पात्यांतली धूळ काढत होतीस आणि मी आपल्या सवयीनं आतल्या प्रत्येक चिठ्ठीवरचं वहीत उतरवून घेत होतो. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार कोर, ८४ वॅट. रॅम ८ जीबी, डीडीआर-थ्री. साधी फिरती हार्ड डिस्क. आणि पॉवर सप्लायच्या पत्र्यावरच्या चिठ्ठीवर: २९० वॅट. त्या चौकोनी डब्यातून निघणाऱ्या वायरी मोजल्या होत्या आपण. सगळ्या बोर्डाकडे आणि डिस्ककडे जाणाऱ्या. ग्राफिक्स कार्डाला लागते ती सहा किंवा आठ पिनांची वायर त्यात एकही नव्हती. एवढ्या चार ओळींवर तुझी अर्धी खरेदी ठरलेली आहे, पण आधी दुसरं एक.

कार्डच हवंय हे आपण ठरवलं कशावरून? मशीन सावकाश चालतं म्हणून. पण सावकाश चालण्याची कारणं तीन-चार असतात, आणि बाहेरून ती सगळी सारखीच दिसतात. चार दिवस एवढंच कर. काम करताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू, मेमरी, डिस्क आणि जीपीयू किती टक्के चाललेत ते दिसतं. तुझ्या त्या ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये घर उघडलंस की बघ, त्याभोवती नुसतं कॅमेऱ्यानं फिरलीस की बघ, रेंडरला लावलंस की बघ, आणि वहीत लिहून ठेव. मेमरी पंच्याण्णव टक्क्यांवर चिकटलेली असेल आणि डिस्क सारखी शंभरवर असेल, तर समज की जागा पुरत नाही म्हणून मशीन सामान डिस्कवर टाकतंय आणि परत उचलतंय. तिथे कितीही भारी कार्ड बसवलंस तरी ते रिकामं बसून राहील. मग आधी आणखी ८ जीबी रॅम घाल, जुन्या मशीनची डीडीआर-थ्री पट्टी वापरलेली चालते, आणि फिरत्या डिस्कच्या जागी एक छोटी एसएसडी. फिरती डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, तेही सलग वाचायला मिळालं तर. साध्या साटा वायरीवरची एसएसडी पाचशेच्या घरात जाते. आणि जीपीयू, किंवा रेंडर करताना सीपीयू, शंभरवर अडकलेला असेल आणि मेमरी-डिस्क निवांत, तर मग कार्ड, आणि मग माझी काही हरकत नाही. माझा अंदाज आहे की तुझ्या बाबतीत दोन्ही निघेल, कारण सध्या वेगळं कार्डच नसल्यामुळे प्रोसेसरच्या पोटातलं इंटेलचं ग्राफिक्स तुझ्या त्या ८ जीबीतूनच आपला वाटा उचलतं. पण अंदाज तो अंदाज, तू वहीत लिही.

आता विजेचं. इथे मला थोडं लांबण लावू दे, कारण माझं सगळं आयुष्य मागांच्या मोटारींना वायर जोडण्यात आणि जळलेल्या मोटारी पुन्हा भरण्यात गेलं. एका शेडमालकानं एकदा, ऑर्डर मोठी आली म्हणून, चार जुन्या मोटारी काढून जास्त ताकदीच्या बसवल्या. वायरिंग बदलायला दोन दिवस लागले असते, तेवढा धीर नव्हता. जुनीच वायर ठेवली, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घातली. सातव्या रात्री मला उठवायला माणूस आला. आग लागली नव्हती, पण त्या पाइपमधून वायर ओढून काढली तेव्हा तिचं आवरण बोटांना चिकटत होतं, गुळाच्या पाकासारखं. तो वास मी अजून ओळखतो. मोटारी उत्तम होत्या गं, सगळ्या नव्या. वायर त्यांच्या लायकीची नव्हती.

म्हणून तुझ्या मशीनचा हिशोब मी कॅलेंडरच्या मागे मांडलाय. प्रोसेसर ८४ वॅट. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ४५ धर. झाले १२९. कार्ड ज्या खाचेत बसतं ती खाच, पीसीआय एक्सप्रेसची लांब खाच, स्वतःच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. ते धरले तर २०४. आपल्याकडे २९०. वर ८६ वॅट शिल्लक राहतात आणि एवढी शिल्लक हवीच, कारण सप्लाय दहा-बारा वर्षांचा म्हातारा आहे, त्याला काठोकाठ राबवायचं नाही. तेव्हा तुझ्यासाठी कार्डाची पहिली अट ठरली: ७५ वॅट किंवा त्याखाली, आणि वेगळी वायर न मागणारं. दुकानदार म्हणेल, "डिस्कची वायर वळवून सहा पिनांची करणारा जोड मिळतो, लावून देतो." नाही म्हण. गोड बोलून नाही म्हण, पण नाहीच म्हण. असल्या ऑफिसच्या मशीनमध्ये सप्लाय बदलणंही सरळ नसतं, त्याचा आकार आणि बोर्डाकडे जाणारा प्लग बऱ्याचदा त्या कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला साधा सप्लाय बसत नाही. त्यामुळे आहे त्यात भागवू.

आता कार्डाच्या नावांचं. इथे माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती मी आजवर तुझ्या दादालाही नीट सांगितलेली नाही. २०१९ ची गोष्ट. दादाची दहावी झाली होती, त्याला कार्ड हवं होतं, आणि मी त्याला शब्द दिला होता की निकालाच्या दिवशी आणीन. त्यानं कागदावर लिहून दिलं होतं, जीटी १०३०. मी कामासाठी कोल्हापूरला गेलो होतो, संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून घाईत एका दुकानात शिरलो, दुकानदारानं दोन डबे ठेवले, दोन्हीवर तेच नाव, तीच २ जीबी, एक थोडा स्वस्त. मी स्वस्त उचलला. घरी आणून बसवला तर दादाचा खेळ आधीपेक्षा थोडाच बरा चालायचा. पोरगं काही बोललं नाही, "छान आहे आजोबा" म्हणालं, आणि त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं की छान नाहीये. पुढे पंधरा दिवसांनी मी तो डबा चष्मा लावून वाचला. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, डीडीआर-फोर. मूळ कार्ड २०१७ चं, त्यात जीडीडीआर-फाइव्ह मेमरी होती. दुसऱ्या वर्षी त्याच नावानं डीडीआर-फोरवालं निघालं. मूळच्यात मेमरीतून सेकंदाला ४८ जीबी माल यायचा, मी आणलेल्यात सुमारे १७. नाव मात्र एकच.

तुला शेडमध्ये नेलं होतं तेव्हा तू कांडीवाल्या मावशीपाशी तासभर बसली होतीस. धोट्यातली कांडी संपली की माग उभा राहतो. माग कितीही जलद असू दे, कांड्या भरून येत नसतील तर कापड निघत नाही. कार्डाच्या मेमरीचं अगदी तेच. आतले कोर म्हणजे माग, मेमरी म्हणजे कांड्या. दादाच्या कार्डात माग होते, कांड्या वेळेवर पोचत नव्हत्या. माझी गाडी चुकू नये म्हणून त्या पोरानं तीन वर्षं तसल्या कार्डावर काढली. (गाडीही मिळाली होती, दहा मिनिटं उशिरानंच आली होती ती.)

म्हणून नाव ऐकून थांबू नकोस, नावाच्या पुढची अक्षरं वाच. आज हाच प्रकार तुझ्यासमोर येणार आहे. आरटीएक्स ३०५० नावाची दोन कार्डं आहेत. एक २०२२ चं, ८ जीबीचं, १३० वॅट खाणारं, त्याला वेगळी वायर लागते. ते आपल्या मशीनला चालणार नाही. दुसरं फेब्रुवारी २०२४ मधलं, ६ जीबीचं, ७० वॅटचं, त्याला खाचेतलीच वीज पुरते. ताकदीला ते पहिल्यापेक्षा कमी आहे, नावात तसं कुठे लिहिलेलं नाही, पण आपल्याला तेच हवंय. दुकानदारानं "३०५० आहे ना" म्हणून मोठं कार्ड पुढे केलं तर गोंधळू नकोस. डब्यावर ६ जीबी वाच, आणि कार्डाच्या वरच्या कडेला वायर खोचायची चौकोनी जागा नाही ना, हे स्वतः बघ.

तेवढे पैसे नसतील तर जीटीएक्स १६५०. एप्रिल २०१९ चं, ४ जीबी, ७५ वॅट. यातही मेख आहे, काही कंपन्यांनी त्याच कार्डावर सहा पिनांची जागा दिली आहे. ते नको, बिनवायरीचं. त्याच्या आधीचं, २०१६ चं १०५० टीआय हेही ७५ वॅटचंच, आणि तुला ते वापरलेलं फार स्वस्तात दिसेल. चांगलं कार्ड होतं ते. पण एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीसाठी नवे ड्रायव्हर काढणं थांबवलंय, आता फक्त सुरक्षेपुरती डागडुजी. तू ब्लेंडर दर थोड्या महिन्यांनी नवं घेतेस. ज्या कार्डाकडे बनवणाऱ्यानंच पाठ फिरवलीय त्यावर तुझे साठवलेले पैसे लावायला माझा हात धजत नाही.

एएमडीचं आरएक्स ६४०० कुणीतरी सुचवील, ५३ वॅटचं, आकारानंही लहान. नव्या मशीनमध्ये ते ठीक आहे. पण ते बोर्डाशी फक्त चार लेनवर बोलतं, आणि ते चार लेन चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेससाठी धरलेले आहेत. आपल्या मशीनमधली पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीची, तिथे प्रत्येक लेनचा वेग निम्मा, म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबीऐवजी ४. कार्डाची स्वतःची ४ जीबी मेमरी भरली की मग ते अडखळतं. ६ जीबीचं ३०५० आठ लेनवर बोलतं, १६५० सोळावर, म्हणून जुन्या बोर्डावर ती बरी. इंटेलचं आर्क ए३८० पण असंच. त्याला रिसायझेबल बार नावाची सोय लागते, ती आपल्या मशीनच्या काळातल्या बोर्डांवर नसते, आणि तिच्याविना त्याची बरीच ताकद वाया जाते. ही दोन्ही कार्डं वाईट नाहीत गं, आपल्या घरची नव्हेत एवढंच. तू स्थळं बघायच्या वयाची झालीस की हे वाक्य मी पुन्हा म्हणणार आहे.

वापरलेलं घ्यावं का, हे तू विचारशील. मी वापरलेल्या वस्तूच्या विरुद्ध नाही, आपल्या घरातला अर्धा संसार वापरलेला आहे आणि तुझ्या आजीचं शिलाई मशीन तर तिच्या मावशीचं. पण वापरलेलं कार्ड चालवून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. इथेरियम या आभासी चलनाचं, ग्राफिक्स कार्डांवर चालणारं खाणकाम १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं, कारण त्या चलनाची पद्धतच बदलली, आणि दिवसरात्र तापलेली कार्डं एकदम बाजारात उतरली. त्यातली आजही हातोहात फिरतात. राबलेलं कार्ड टाकाऊच असतं असं नाही, राबलेली मोटारही नीट ठेवली तर चालते, पण पंख्याचा आवाज ऐक, पात्याला बोट लावून हलवून बघ, स्क्रूंच्या खाचा घासलेल्या आहेत का बघ. त्याहून वाईट ते खोटं कार्ड. फार जुन्या कार्डाच्या आतला प्रोग्राम बदलून त्याला १०५० टीआय म्हणवून विकतात, विंडोजही फसतं. जीपीयू-झेड नावाचं एक लहानसं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते पेन ड्राइव्हवर घेऊन जा. खोटं असेल तर बहुधा ते नावाआधीच 'फेक' म्हणून लिहितं. आणि १०५० टीआय म्हणवणाऱ्या कार्डाला मागे निळी व्हीजीएची जागा दिसली, तर तिथूनच परत फिर, कारण त्या पिढीत एनव्हिडियानं व्हीजीएचा सिग्नलच काढून टाकला होता. विकणारा चालवून दाखवत नाही म्हणाला तर वाद घालू नकोस, "बरं, येते काका" म्हण आणि ये.

माझं मन विचारशील तर नवं घे, पक्क्या बिलाचं. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घे, डब्यावरचा आणि कार्डावरचा ताडून. "बिलाशिवाय घेतलंत तर अठरा टक्के वाचतील" असं कुणी म्हणालं तर ते जीएसटीचे अठरा टक्के वाचत नाहीत, तेवढ्याला तुझी वॉरंटी विकत घेतलेली असते त्यानं. भाव मी लिहीत नाही, आठवड्यात बदलतात. पुण्यात दोन-तीन दुकानांत विचार, आणि मुंबईला आत्याकडे जाणार असशील तर लॅमिंग्टन रोडला जाऊन ये. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं. रस्त्याचं नाव केव्हाच डॉ. भडकमकर मार्ग झालंय, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच विचार. सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या जा. तेव्हा काउंटरवर गर्दी नसते, माणूस दोन शब्द बोलतो, डबा उघडून दाखवतो. संध्याकाळी जाशील तर तोही थकलेला आणि तूही. पहिल्या दिवशी फक्त विचारून ये. पैसे आईपाशी ठेवून जा, म्हणजे हात शिवशिवणार नाही.

जाण्याआधी टेप घेऊन आतली जागा मोज. तेवढं मे महिन्यात राहून गेलं, चूक माझी, आजी जेवायला हाक मारत होती. लांब खाचेच्या मागच्या कडेपासून पुढच्या डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती सेंटिमीटर, आणि खाचेच्या खाली दुसरं कार्ड बसेल एवढी रिकामी जागा आहे का. कारण पंख्यासकट ही कार्डं दोन कार्डांची जाडी घेतात. ते माप एका चिठ्ठीवर लिही आणि दुकानात कार्डाच्या मापाशी लाव.

हे सगळं एका दहा-बारा वर्षांच्या मशीनसाठी करायचं का, असंही तुझ्या मनात आलं असेल. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ आपल्या प्रोसेसरला घेत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कार्ड मशीनबरोबर म्हातारं होत नाही. दोन-तीन वर्षांनी तू नवा संगणक घेशील तेव्हा हेच कार्ड काढून त्यात बसेल, पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या-नव्या पिढ्या एकमेकींना सांभाळून घेतात. तोवर, दादा म्हणतो, लिनक्स टाकावं, ब्लेंडर तिथेही चालतं. त्यानंच मला 'फ्लो' नावाचा तो मांजराचा लॅटव्हियन सिनेमा दाखवला, एक शब्द नसलेला. ब्लेंडरमध्ये केलेला, तुझ्याकडे आहे तेच फुकटातलं सॉफ्टवेअर, आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळालं. करायला पाच वर्षांहून जास्त लागली त्या लोकांना. पुरात बोटीवर बसलेलं ते मांजर बघताना मला सारखं तुझं पागोळ्यांचं घर आठवत होतं, आणि वाटत होतं की आपल्या पोरीचं घरही घाईत पुरं करायचं नाही.

कार्ड आलं की रात्री बसवू नकोस. मला माहीत आहे, रात्री अकराला घरी पोचशील आणि डबा उघडायला हात शिवशिवतील. नको. मी ज्या वायरी चुकीच्या जोडल्या त्या सगळ्या रात्री जोडल्या. पहाटे ऊठ, अंघोळ कर, खिडकीपाशी उजेडात टेबल घे. प्लग काढ, मग पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धर म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. लोकरी स्वेटर काढून ठेव, पत्र्याला एकदा हात लाव. कार्ड कडेनं धर, सोनेरी पट्टीला बोट लावू नकोस. खाचेच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते, ती आधी मागे कर, कार्ड सरळ खाली दाब, खिट्टी 'टक्' करून वर येते. तो आवाज येईपर्यंत दाबायचं, पण अंगाचा जोर लावायचा नाही. दोन्ही टोकांना अंगठ्यांनी, सारख्या दाबानं, पोळीची कड दाबतेस तसं. मग मागचा स्क्रू. आणि मॉनिटरची वायर कार्डात लाव, जुन्या जागी बोर्डात नव्हे. पडदा काळा दिसला म्हणून कितीतरी लोक चांगलं कार्ड परत करायला धावतात, आणि वायर तेवढी जुन्या भोकात राहिलेली असते.

आजी उठली. विचारतेय की पहाटेपासून कुणाला लिहिताय. तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, तिला सांगा रात्रीचं जागरण नको आणि दूध पीत जा. रविवारी तुझे बाबा इकडून जातील त्यांच्याबरोबर चिवड्याचा डबा देतोय. डब्याच्या तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझा लहान चुंबकी स्क्रू ड्रायव्हर ठेवलाय, लाल मुठीचा. बत्तीस वर्षं माझ्या खिशात होता, टोक अजून शाबूत आहे. चिवडा खाऊन त्याच हातानं झाकण उघडू नकोस, आधी हात धू.

चार दिवसांच्या नोंदी आणि आतलं माप मला कळव. फोनवर नको, लिहून पाठव.

तुझे
आजोबा

ता. क. पत्र बंद करता करता आठवलं. तुझा मॉनिटर मामाच्याच ऑफिसातला, त्याला फक्त ती निळी पंधरा पिनांची व्हीजीए वायर आहे ना? नव्या कार्डांवर ती जागा नसते. एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा लहान जोड मिळतो, नुसती वायर नव्हे, आत चिप असलेला. कार्डाबरोबरच घेऊन ये, नाहीतर पहाटे उठून सगळं बसवशील आणि दुकान उघडेपर्यंत काळ्या पडद्यासमोर बसून राहशील. मॉनिटरच्या मागे वाकून आधी बघ, कदाचित एचडीएमआयची जागा असेलही, मी पाहिलेलं नाही.